पाळीचे आठवडे, फलनाचे दिवस : गर्भाच्या वयाची पार्श्वभूमी

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर एक ओळ असते : ‘८ आठवडे ३ दिवस, सीआरएल १९ मि.मी.’ सीआरएल म्हणजे बाळाची डोक्यापासून बुडापर्यंतची लांबी. रिपोर्ट घेऊन जोडपे बाकावर बसते, मोबाइलमधल्या कॅलेंडरवर बोट मागे मागे नेते आणि नवऱ्याचा चेहरा पडतो. ‘त्या आठवड्यात तर मी गावी होतो.’ प्रसूतितज्ज्ञांना हे प्रकरण नवे नसते. त्या एकोणसाठ दिवसांतल्या पहिल्या चौदा दिवसांत पोटात गर्भ नव्हताच, एवढे समजावले की चहा पिऊन दोघे घरी जातात. फलनापासून, म्हणजे बीज आणि शुक्राणू एकत्र आल्यापासून, गर्भ ४५ दिवसांचा आहे; शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले गरोदरपण मात्र ५९ दिवसांचे. हे दोन आकडे शेजारी शेजारी नांदतात आणि दोन्हींना आपण ‘आठवडे’च म्हणतो.

घरातला गैरसमज चहावर मिटतो. कायद्यातला इतक्या सहज मिटत नाही, आणि गेल्या पंधरा-वीस वर्षांत वर्तमानपत्रांतल्या गर्भपाताच्या बातम्यांतून जे ‘वीस आठवडे’, ‘चोवीस आठवडे’, ‘सव्वीस आठवडे’ वाचले, ते कुठून मोजलेले होते हा प्रश्न फारसा कोणी विचारलेला नाही.

मोजायला पाळीपासून सुरुवात झाली, कारण मोजण्यासारखे दुसरे काही हाताशीच नव्हते. मराठीत बाईला ‘दिवस जातात’, मग ‘दिवस भरतात’. दोन्हींकडे हिशेब दिवसांचा. ‘नऊ महिने नऊ दिवस’ हा आकडा मात्र गमतीदार आहे. चांद्र महिना साडेएकोणतीस दिवसांचा धरला तर नऊ महिने म्हणजे २६६ दिवस, आणि फलनापासून प्रसूतीपर्यंतची सरासरी नेमकी तेवढीच भरते. वर नऊ दिवस मिळवले की २७५ होतात. पाळीपासून मोजलेले प्रसूतिशास्त्रातले २८० दिवस त्याच्या थोडे पुढे. म्हणजे लोकांचा आकडा दोन हिशेबांच्या मधोमध जाऊन बसला आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात महिन्यामहिन्याची वाढ दिली आहे. तिथे चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, बाई दोन हृदयांची होते, म्हणून ती दौहृदिनी. दौहृद, दोहद, डोहाळे असा त्या शब्दाचा प्रवास सांगितला जातो. आज सोनोग्राफीवर ठोके दिसतात ते पाळीपासून सहाव्या आठवड्याच्या आसपास. हृदय हलायला लागते त्याच्याही थोडे आधी, फलनानंतर बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी. ओकाऱ्या आणि कैऱ्यांची आठवणही साधारण तेव्हाच सुरू होते.

प्रसूतीची तारीख काढण्याचा जो नियम आज नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला पाठ होतो, तो जर्मनीतला, एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातला : पाळीच्या तारखेत सात दिवस मिळवा आणि तीन महिने मागे या. नियमाला नाव मिळाले एका जर्मन प्रसूतितज्ज्ञाचे, आधार मात्र त्याच्या आधीच्या शतकातल्या एका डच वैद्याचा. सात दिवस मिळवायचे ते पाळीच्या पहिल्या दिवसात की शेवटच्या, हे त्या जुन्या लिखाणात निःसंदिग्ध नाही. पुढच्यांनी पहिला दिवस धरला आणि तोच चालू झाला. जगभरच्या बाळंतपणांच्या तारखा ज्या खुंटीला टांगल्या आहेत तिची ही अवस्था.

खरा मुद्दा त्याहून मोठा आहे. हा नियम रूढ होत होता तेव्हा सस्तन प्राण्याचे बीजांड कोणी नीट पाहिलेलेही नव्हते किंवा नुकतेच पाहिले होते. ते ओळखले गेले १८२७ मध्ये, आणि तेही कुत्रीचे. शुक्राणू आत शिरल्यावर दोन केंद्रके एक होतात हे दिसायला १८७० चे दशक उजाडले, तेही सी-अर्चिन या समुद्री प्राण्यात. बाईचे बीज नेमके कधी फुटते, याचे उत्तर १९२० च्या दशकात एका जपानी आणि एका ऑस्ट्रियन डॉक्टरने, एकमेकांपासून दूर राहून, दिले : पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी. तोपर्यंत पाळीही येत नव्हती आणि गर्भही दिसत नव्हता अशा दिवसांना मोजणार कशाने? मग शास्त्राला फलनाचा दिवस कळला. पण शंभर वर्षांची वहिवाट झालेले पाळीचे आठवडे कोणी मोडले नाहीत. ते दोन रिकामे आठवडे हिशेबात तसेच राहिले.

गर्भशास्त्र शिकवणारे मात्र दुसऱ्या खुंटीवर गेले. त्यांना फलनाचा दिवस हवा होता आणि त्यासाठी गर्भ हवे होते. फलनानंतर पहिल्या दोन आठवड्यांत काय घडते याची जी चित्रे पाठ्यपुस्तकांत अजून छापली जातात, त्यांतली बरीचशी बॉस्टनजवळच्या, बायकांवर मोफत उपचार करणाऱ्या एका रुग्णालयातून आली. १९३८ पासून सुमारे पंधरा वर्षे तिथे गर्भपिशवी काढायची ठरलेल्या बायकांना आधीचे काही महिने पाळीच्या आणि संबंधांच्या तारखा लिहून ठेवायला सांगत. शस्त्रक्रियेचा दिवस त्यावरून ठरे. काढलेल्या पिशव्या आणि नळ्या तपासून सुमारे दोनशे बायकांकडून ३४ गर्भ मिळाले. सगळ्यात मोठा सतरा दिवसांचा. त्या बायकांना आपण कशात सामील आहोत हे कितपत ठाऊक होते, यावर नंतर पुष्कळ लिहिले गेले. मला त्यातली एक गोष्ट विसरता येत नाही : त्या ३४ गर्भांच्या वयाची अचूकता त्या बायकांच्या वहीतल्या नोंदींवर उभी आहे, आणि नाव कोणाचेच नाही.

बाल्टिमोरला १९१४ पासून अशा गर्भांचा संग्रह होत होता. तिथे पुढे वयाऐवजी घडणीवरून टप्पे पाडले गेले. आज त्यांना कार्नेगी अवस्था म्हणतात आणि त्या २३ आहेत. पहिली अवस्था फलनाची, तेविसावी सुमारे ५६ व्या दिवसाची. सुरुवातीला सांगितलेला १९ मिलिमीटरचा जीव यातल्या अठराव्या-एकोणिसाव्या अवस्थेच्या आसपासचा. हाताच्या चपट्या पंजावर बोटांच्या रेघा उठल्या आहेत, कोपर कळू लागले आहे, पायाच्या पंजावर रेघा नुकत्याच दिसताहेत.

तेविसाव्या अवस्थेवरच का थांबायचे? कारण साधे आणि थोडेसे मनमानी होते. दंडाच्या हाडात कूर्चेची जागा मज्जा घेऊ लागते, ती खूण संग्रहाच्या प्रमुखाने ‘एम्ब्रियो’, म्हणजे अवयव घडत असतानाचा गर्भ, संपल्याची धरली. पुढचा ‘फीटस’. त्या दिवशी गर्भाच्या आयुष्यात विशेष काही घडत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली काप बघणाऱ्याला सीमा हवी होती, त्याने ती हाडात शोधली. हे मुद्दाम सांगतो, कारण आठ आठवड्यांची हीच सीमा पुढे भारताच्या कायद्यात आली.

दोन हिशेबांतला फरक नुसता कागदावरचा नाही हे थॅलिडोमाइडने दाखवले. १९५७ ते १९६१ या काळात हे औषध मळमळीवर म्हणून अनेक देशांत दिले गेले आणि दहा हजारांहून अधिक मुले आखूड किंवा अर्धवट हातापायांची जन्मली. गोळी कोणत्या दिवशी घेतली तर काय बिघडते याचा तपशील आयांच्या आठवणींतून जुळवला गेला. धोक्याचे दिवस निघाले पाळीपासून ३४ ते ५०, म्हणजे फलनापासून २० ते ३६. दोन्ही आकडे बरोबर आहेत. पण मोजणी कुठून हे न वाचता पुस्तकातला आकडा उचलला की धोक्याची खिडकी दोन आठवडे सरकते. फॉलिक आम्लाचेही तेच. मेंदू आणि मज्जारज्जूची नळी फलनानंतर अठ्ठावीस दिवसांच्या आत मिटते. पाळीच्या हिशेबाने सहा आठवडे, म्हणजे पाळी चुकून जेमतेम पंधरवडा. बाई दवाखान्यात नाव घालते तेव्हा ती नळी बहुधा मिटलेली असते. म्हणून गोळी आधीपासून घ्यायची, हे १९९१ च्या मोठ्या चाचणीनंतर पक्के झाले.

सोनोग्राफीने एक नवीच अडचण आणली. १९७३ मध्ये ग्लासगोहून गर्भाच्या लांबीवरून वय काढण्याचे कोष्टक आले. त्याच्यासाठी मोजली गेलेली बाळे पाळीच्या पक्क्या तारखा सांगणाऱ्या बायकांची होती. म्हणजे यंत्र बाळ मोजते आणि आकडा पाळीच्या भाषेत सांगते. रिपोर्टवरचे ‘८ आठवडे ३ दिवस’ हे गर्भाचे वय नव्हे. एवढ्या लांबीचे बाळ ज्या बाईच्या पोटात असते तिची पाळी साधारण इतके दिवस मागे असते, असा तो निरोप. पहिल्या तीन महिन्यांत तो निरोप पाच-सात दिवसांच्या फरकाने खरा ठरतो. बावीस आठवड्यांनंतर फरक दोन आठवड्यांपर्यंत जातो, शेवटच्या तीन महिन्यांत तीन आठवड्यांपर्यंत. बाळे तोवर आपापल्या वळणाने वाढू लागलेली असतात.

टेस्ट ट्यूब बेबीच्या तंत्रात तरी हिशेब सरळ व्हायला हवा होता. पहिले बाळ इंग्लंडमध्ये २५ जुलै १९७८ ला जन्मले, कोलकात्यात त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला, मुंबईत परळच्या महापालिका रुग्णालयात ६ ऑगस्ट १९८६ ला. इथे फलनाची वेळ तासामिनिटांसह लिहिलेली असते. तरी पाच दिवसांचा गर्भ पिशवीत सोडला त्या दिवशी बाईच्या केसपेपरवर ‘२ आठवडे ५ दिवस’ असेच लिहितात. जी पाळी हिशेबात धरायची ती प्रत्यक्षात आलेलीच नसेल, तर कागदावर एक मानीव पाळी तयार करतात : फलनाच्या चौदा दिवस आधीची. प्रयोगशाळेत घड्याळ लावून घडवलेल्या गर्भालाही वय मिळते ते न आलेल्या पाळीचे!

प्रयोगशाळेतल्या गर्भासाठी ‘चौदा दिवसांचा नियम’ झाला तो मात्र फलनापासून. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या एका सरकारी सल्लागार मंडळाने आणि १९८४ मध्ये ब्रिटनच्या एका समितीने ही मर्यादा सुचवली, १९९० मध्ये ब्रिटनने कायदा केला. चौदाव्या-पंधराव्या दिवशी गर्भाच्या चकतीवर एक रेघ उमटते, पुढची-मागची बाजू ठरते आणि त्यानंतर एकाचे दोन सहसा होत नाहीत, म्हणून चौदा. तेव्हा त्याआधीच्या अवस्थेला ‘प्री-एम्ब्रियो’ म्हणायची टूम निघाली होती, ती टिकली नाही. नाव बदलून वाद मिटवायचा प्रयत्न असल्याचे अनेकांनी तोंडावर सांगितले. त्या काळी इतके दिवस गर्भ बाहेर जगवताच येत नव्हता, त्यामुळे नियम पाळणे सोपे होते. २०१६ मध्ये दोन प्रयोगशाळा बारा-तेरा दिवसांपर्यंत पोचल्या आणि २०२१ मध्ये या क्षेत्रातल्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या मार्गदर्शनातली सरसकट बंदी सैल केली. भारतातल्या मार्गदर्शक तत्त्वांत चौदा दिवस कायम आहेत.

आता आपले कायदे. १९६४ मध्ये केंद्राने गर्भपाताच्या प्रश्नावर समिती नेमली, १९६६ मध्ये तिचा अहवाल आला, १९७१ मध्ये वैद्यकीय गर्भपात कायदा झाला आणि १ एप्रिल १९७२ पासून लागू झाला. तेव्हा बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत लागे, बारा ते वीसमध्ये दोघांचे. ‘गर्भधारणेची मुदत’ इतके आठवडे, असे कायदा म्हणतो. मुदत कुठून मोजायची हे सांगत नाही. तेव्हा सोनोग्राफी नव्हती, डॉक्टर पाळी विचारत आणि पोटावर हात ठेवून पिशवीची उंची बघत, म्हणून ते स्वतःशीच स्पष्ट वाटले असेल, असे म्हणून तो काळ सोडून देता येतो. पण २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, वीसच्या पुढे चोवीसपर्यंत काही गटांतल्या बायकांना मुभा मिळाली, गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या मताने मर्यादाच काढली, व्याख्यांच्या कलमात नव्या नोंदी घातल्या. आणि मुदत कशी मोजायची ते तेव्हाही लिहिले नाही. पन्नास वर्षांत ज्या एका शब्दावर सगळे अडले, तोच मोकळा सोडला. डॉक्टर पाळीपासून मोजतात म्हणून कायदाही पाळीपासून मोजतो, एवढाच आधार. अमेरिकेतल्या काही राज्यांनी, त्यांच्या कायद्यांबद्दल मत काहीही असो, हे निदान उघड लिहिले : २०१० मध्ये नेब्रास्काने ‘फलनानंतर वीस आठवडे’ म्हटले, म्हणजे डॉक्टरांच्या भाषेत बावीस.

याची झळ कुठे बसते ते २००८ मध्ये मुंबईत दिसले. बाळाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचे चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास कळलेले एक जोडपे आपल्या डॉक्टरसह उच्च न्यायालयात गेले. निकाल लागेपर्यंत सव्विसावा आठवडा होता. परवानगी नाकारली गेली आणि त्यानंतर काही दिवसांतच त्या बाईचा गर्भपात आपोआप झाला. त्या वेळच्या चर्चेत व्यंग असलेल्या मुलाला जन्माचा हक्क आहे की नाही यावर पाने भरली. व्यंग दाखवणारी तपासणी साधारण अठरा ते वीस आठवड्यांत होते आणि कायद्याची तेव्हाची सीमा वीसची, हे दोन आकडे एकमेकांना खेटून होते, याकडे कमी लक्ष गेले. त्या तपासणीत शंका आली, बाळाच्या हृदयाची वेगळी तपासणी सांगितली, तिची तारीख आठवड्याने मिळाली, की सीमा ओलांडलीच. हृदयाचे दोष बघायला बाळ तेवढे वाढावेच लागते. बाईने उशीर केला म्हणून हे होत नाही. पुढे २०१६ पासून सर्वोच्च न्यायालयाने एकेका प्रकरणात चोविसाव्या आठवड्यात परवानग्या दिल्या, आणि मग २०२१ ची दुरुस्ती आली. २०२२ मध्ये अविवाहित बायकांनाही चोवीसची मुभा असल्याचा निकाल झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये एका विवाहित बाईची मागणी फेटाळताना मुदत २६ आठवडे ५ दिवस नोंदली गेली. त्या पाच दिवसांच्या अचूकतेकडे पाहून मला ते ग्लासगोचे कोष्टक आठवते.

दुसरा कायदा गर्भलिंगनिदानाचा. देशात पहिला महाराष्ट्राचा, १९८८ मध्ये. केंद्राचा १९९४ मध्ये झाला आणि १९९६ च्या सुरुवातीपासून लागू झाला. अंमलबजावणी होत नाही म्हणून २००० मध्ये पुण्या-मुंबईतल्या आरोग्य संस्था सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि २००३ मध्ये कायदा दुरुस्त झाला. या दुरुस्तीत व्याख्या आल्या. फलनानंतर आठ आठवडे, कंसात छप्पन दिवस, संपेपर्यंत एम्ब्रियो. सत्तावन्नाव्या दिवसापासून जन्मापर्यंत फीटस. आणि ज्या काळात वाढ थांबवून ठेवली असेल तो काळ वगळून. गोठवलेल्या गर्भाचे वय वाढत नाही, हे इथे लिहिलेले आहे! बाल्टिमोरच्या काचपट्ट्यांवरच्या दंडाच्या हाडातली सीमा अशी आपल्या राजपत्रात आली. हा कायदा फलनापासून मोजतो, गर्भपाताचा कायदा पाळीपासून मोजतो असे मानले जाते. दोन्ही एकाच सोनोग्राफी केंद्रात, एकाच बाईला, एकाच दिवशी लागू होतात.

मराठीत आणखी एक गाठ पडते. पाठ्यपुस्तकांच्या वळणाने एम्ब्रियो म्हणजे भ्रूण आणि फीटस म्हणजे गर्भ. पण चळवळीने आणि वर्तमानपत्रांनी जो शब्द घरोघरी नेला तो ‘स्त्रीभ्रूणहत्या’. सोनोग्राफीवर लिंग कळते ते बाराव्या आठवड्याच्या पुढे, खात्रीने त्याहूनही उशिरा. म्हणजे त्या शब्दातले भ्रूण कायद्याच्या व्याख्येने भ्रूण कधी नसतेच, गर्भ असतो. ‘गर्भपात’ मात्र सहाव्या आठवड्यातलाही गर्भपातच. शब्द चळवळीच्या कामाचा होता, त्याने काम केले. पण त्याच्याबरोबर ‘हत्या’ही आली, आणि कायदेशीर गर्भपातासाठी गेलेल्या बाईच्या कानावर तीच पडते. औषध दुकानात गर्भपाताच्या गोळ्या मागताना लोक आवाज उतरवतात त्यामागे हेही आहे.

सगळ्या मोजणीच्या मुळाशी असलेली ती तारीख मिळवणे हे वेगळेच काम. उपकेंद्रावर नर्सबाई कार्ड भरताना विचारतात, ‘शेवटची पाळी कधी आली होती गं?’ पोरगी सासूकडे बघते. सासू म्हणते, ‘पोळ्याला बाहेरचीच होती ही, बैलाला घास मी दिला.’ मग भिंतीवरचे कॅलेंडर उलटत श्रावणापर्यंत जायचे, पोळ्याची अमावास्या कोणत्या तारखेला होती ते बघायचे, पहिला दिवस होता की तिसरा ते विचारायचे. ‘शिवून दुसरा दिवस,’ असे कोणी तरी सांगते. नर्सबाई एक दिवस मागे जातात आणि पेनने तारीख लिहितात. तिथून पुढे कोष्टक, मंडळ आणि न्यायालय त्या पेनच्या शाईवर चालतात.

आणि गर्भलिंगनिदान कायद्याखाली प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीआधी भरायचा जो फॉर्म ‘एफ’, तो मागतो शेवटच्या पाळीची तारीख किंवा गरोदरपणाचे आठवडे. कायद्याच्या व्याख्येत छप्पन दिवस फलनापासून. त्याच कायद्याच्या फॉर्मवर फलनाच्या तारखेसाठी रकाना नाही.